पाणी, सांडपाणी आणि शहराची हद्द : कॅलिफोर्नियातील सेवा आढाव्याची पद्धत

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात नळाचे पाणी, सांडपाण्याची विल्हेवाट, अग्निशमन, डास निर्मूलन, उद्याने, दफनभूमी अशा अनेक नागरी सेवा स्वतंत्र स्थानिक संस्थांकडून पुरवल्या जातात. या संस्थांना तेथे विशेष जिल्हे असे म्हणतात. या जिल्ह्यांचे काम समाधानकारक आहे का, त्यांच्याकडे वाढत्या वस्तीला पुरेल इतकी क्षमता आहे का आणि त्यांची हद्द कोठवर असावी, याचा ठरावीक काळाने आढावा घेण्याची पद्धत त्या राज्यात कायद्याने घालून देण्यात आली आहे. हा आढावा घेणाऱ्या आयोगाला कोणत्याही संस्थेस सेवा पुरवण्याचा आदेश देता येत नाही. तरीही एखाद्या वस्तीला पिण्याचे पाणी केव्हा मिळणार आणि शहर कोणत्या दिशेने वाढणार, हे ठरताना या आढाव्याचा आधार घेतला जातो. ही पद्धत कशी निर्माण झाली, ती कशी चालते आणि ती कोठे अपुरी पडली, याची माहिती या लेखात देण्यात येत आहे.

आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. येथील ‘जिल्हा’ या शब्दाचा आपल्याकडील महसुली जिल्ह्याशी काहीही संबंध नाही. आपल्या जिल्ह्याशी साधर्म्य असलेल्या तेथील प्रशासकीय विभागाला काउंटी म्हणतात आणि कॅलिफोर्नियात अशा ५८ काउंटी आहेत. विशेष जिल्हा म्हणजे एक किंवा काही मोजक्या सेवांसाठी, ठरावीक हद्दीपुरती, कायद्यान्वये स्थापन झालेली स्वायत्त संस्था. तिच्या संचालक मंडळावर बहुधा त्या हद्दीतील मतदारांनी निवडून दिलेले सदस्य असतात. तिला सेवाशुल्क आकारता येते, अनेकदा मालमत्ता कराचा हिस्साही मिळतो आणि कर्जरोखे काढता येतात. सिडकोसारख्या आपल्याकडील विशेष प्राधिकरणांशी तुलना करण्याचा मोह होतो, परंतु ती शासननियुक्त असतात. हा फरक लक्षात ठेवला पाहिजे, कारण निवडून आलेले मंडळ असलेली संस्था बंद करणे कोणालाही सहजासहजी शक्य होत नाही.

एका घराला किती संस्था सेवा देतात, हे सांता क्लारा काउंटीतील कुपरटिनो शहराच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. संगणक उद्योगामुळे या परिसरात मराठी भाषक कुटुंबांची वस्ती मोठी आहे. येथील बहुतांश घरांच्या सांडपाण्याची व्यवस्था कुपरटिनो सॅनिटरी डिस्ट्रिक्टकडे, अग्निशमन काउंटीच्या अग्निसंरक्षण जिल्ह्याकडे, तर ग्रंथालय काउंटीच्या ग्रंथालय जिल्ह्याकडे आहे. भूजलाचे व्यवस्थापन आणि घाऊक पाणीपुरवठा सांता क्लारा व्हॅली वॉटर डिस्ट्रिक्ट करतो. शेजारच्या अलमीडा काउंटीतील फ्रीमॉन्टमध्ये पाणी अलमीडा काउंटी वॉटर डिस्ट्रिक्टचे आणि मलनिस्सारण युनियन सॅनिटरी डिस्ट्रिक्टचे. महापालिका यांपैकी प्रत्येकापासून वेगळी असते.

जिल्हे कसे वाढले

या व्यवस्थेचा उगम शेतीत आहे. १८८७ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने राइट कायदा मंजूर केला आणि शेतकऱ्यांना एकत्र येऊन सिंचन जिल्हा स्थापन करण्याचा, कालव्यांसाठी कर बसवण्याचा अधिकार दिला. त्याच वर्षी स्थापन झालेला टरलॉक सिंचन जिल्हा हा या कायद्याखालील पहिला जिल्हा. पुढे १९१५ मध्ये डास निर्मूलनासाठी अशीच तरतूद झाली. मग ज्या सेवेची निकड भासेल तिच्यासाठी निराळा जिल्हा, असा प्रघात पडला. आज कॅलिफोर्नियात स्वतंत्र मंडळ असलेले सुमारे दोन हजार विशेष जिल्हे आहेत. संपूर्ण अमेरिकेत २०१७ च्या सरकारी गणनेनुसार त्यांची संख्या ३८ हजारांहून अधिक होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियाची लोकसंख्या झपाट्याने वाढली आणि या व्यवस्थेतील दोष उघड झाले. फळबागा असलेल्या सांता क्लारा खोऱ्यात शहरांमध्ये जमीन आपल्या हद्दीत घेण्याची चढाओढ लागली. सॅन होजे शहराचे क्षेत्र १९५० मध्ये सुमारे १७ चौरस मैल होते. १९७० पर्यंत ते १३० चौरस मैलांच्या पुढे गेले. रस्त्यालगतच्या अरुंद पट्ट्या हद्दीत घेऊन दूरवरच्या वसाहतीपर्यंत पोहोचण्याची युक्ती त्या काळी सर्रास वापरली गेली. आपण गिळंकृत होऊ या भीतीने कॅम्पबेलने १९५२ मध्ये, कुपरटिनोने १९५५ मध्ये आणि सॅराटोगाने १९५६ मध्ये स्वतंत्र शहराचा दर्जा मिळवला. नकाशावर या शहरांच्या सीमा आजही वेड्यावाकड्या दिसतात, त्यामागे हे कारण आहे. जलवाहिन्या कोणी टाकायच्या, अग्निशमन केंद्र कोणाचे, याचा विचार मात्र मागाहून होत असे.

गव्हर्नर पॅट ब्राउन यांनी १९५९ मध्ये महानगरांच्या प्रश्नांचा अभ्यास करण्यासाठी आयोग नेमला. त्यातून १९६३ साली नॉक्स-निस्बेट कायदा झाला आणि प्रत्येक काउंटीत स्थानिक संस्था निर्मिती आयोग स्थापन करण्याची तरतूद झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून या आयोगाला ‘लॅफको’ असे म्हटले जाते. नवे शहर किंवा नवा विशेष जिल्हा स्थापन करणे, हद्द वाढवणे वा घटवणे, दोन संस्थांचे विलीनीकरण करणे किंवा एखादी संस्था विसर्जित करणे, या सर्व प्रस्तावांना या आयोगाची मंजुरी लागते. आयोगावर सर्वसाधारणपणे काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाचे दोन आणि शहरांचे दोन प्रतिनिधी, तसेच एक नागरिक सदस्य असतो. अनेक काउंटींमध्ये विशेष जिल्ह्यांनाही दोन जागा देण्यात आल्या आहेत. म्हणजेच ज्यांचा आढावा घ्यायचा, त्यांच्यातीलच काहीजण निर्णय घेणाऱ्यांत असतात. या रचनेवर टीका होत आली आहे आणि ती निराधार म्हणता येणार नाही.

आपल्याकडे शहरालगतची गावे महापालिकेत घेण्याचा निर्णय राज्य शासन अधिसूचनेद्वारे करते. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे याच मार्गाने आली. कॅलिफोर्नियात हा निर्णय काउंटीच्या पातळीवर, जाहीर सुनावणीनंतर, लेखी निष्कर्षांच्या आधारे घेतला जातो.

प्रभावक्षेत्र आणि आढावा

१९७० च्या दशकात आयोगांवर आणखी एक जबाबदारी आली. प्रत्येक शहराचे आणि विशेष जिल्ह्याचे प्रभावक्षेत्र निश्चित करण्याची. प्रभावक्षेत्र म्हणजे त्या संस्थेची भविष्यातील संभाव्य हद्द. आज हद्दीबाहेर असलेली, पण पुढे त्याच संस्थेने सेवा द्यावी असे मानलेली जमीन या रेषेच्या आत येते. हद्दीविषयी आयोगाचे निर्णय प्रभावक्षेत्राशी सुसंगत असावे लागतात. त्यामुळे ही रेषा आखली की कोणत्या शेतावर पुढे घरे उभी राहू शकतील आणि कोणते शेत शेतच राहील, याचा बराचसा अंदाज येतो. बांधकामाची घनता किंवा जमिनीचा वापर थेट ठरवण्यास आयोगाला कायद्याने मनाई आहे. तो अधिकार शहरांचा आणि काउंटीचा. मात्र जेथे पाणी व मलवाहिनी जाणार नाही तेथे दाट वस्ती होत नाही, हे बांधकाम व्यावसायिकांनाही ठाऊक असते.

प्रत्यक्षात अनेक काउंटींमध्ये ही रेषा पुरेशा माहितीविना आखली गेली आणि वर्षानुवर्षे तशीच राहिली. १९७८ च्या प्रपोझिशन १३ या जनमत निर्णयाने मालमत्ता कराचा सर्वसाधारण दर एक टक्क्यापर्यंत सीमित केला. स्थानिक संस्थांमधील कराची वाटणी तेव्हापासून मुख्यत्वे जुन्या प्रमाणानुसारच होत राहिली. परिणामी ज्या जिल्ह्याचे काम कमी झाले त्यालाही कराचा हिस्सा मिळत राहिला आणि वाढत्या वस्तीच्या जिल्ह्याला तो अपुरा पडू लागला.

सन २००० मध्ये दोन महत्त्वाचे अहवाल आले. स्थानिक शासनाविषयी नेमलेल्या राज्यस्तरीय आयोगाने जानेवारीत वाढीचे नियोजन आणि सीमा यांविषयी शिफारशी केल्या. त्यानंतर राज्य कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या लिटल हूव्हर आयोगाने विशेष जिल्ह्यांचा अभ्यास मांडला. हे जिल्हे गतकाळाचे अवशेष आहेत की भविष्यासाठीचे साधन, असा प्रश्न अहवालाच्या शीर्षकातच विचारला होता. मतदारांना जिल्ह्याचे अस्तित्वही ठाऊक नसणे, निवडणुका बिनविरोध होणे आणि काही जिल्ह्यांकडे मोठी गंगाजळी पडून राहणे, हे मुद्दे त्यात ठळकपणे आले. त्याच वर्षी कोर्टेझी-नॉक्स-हर्ट्झबर्ग कायदा मंजूर झाला. प्रभावक्षेत्र ठरवण्यापूर्वी किंवा बदलण्यापूर्वी नगरसेवा आढावा घेणे या कायद्याने बंधनकारक केले. आवश्यकतेनुसार दर पाच वर्षांनी प्रभावक्षेत्राची फेरतपासणी करावी, असेही त्यात म्हटले आहे. ‘आवश्यकतेनुसार’ या शब्दाचा काही आयोगांनी फारच सोयीचा अर्थ लावला, हे नमूद केले पाहिजे.

आढाव्यात आयोगाने सात बाबींवर लेखी निष्कर्ष नोंदवायचे असतात. लोकसंख्या किती वाढेल. आर्थिकदृष्ट्या दुर्बल वस्त्या कोठे आहेत. सेवांची आजची आणि नियोजित क्षमता किती. संस्थेची आर्थिक स्थिती कशी. शेजारच्या संस्थेबरोबर सुविधा सामायिक करता येतील का. कारभार लोकांना उत्तरदायी आहे का. आणि आयोगाच्या धोरणानुसार महत्त्वाची अशी अन्य कोणतीही बाब. वाचताना ही यादी रूक्ष वाटते. जलवाहिन्या किती जुन्या आहेत, त्या बदलण्यासाठी निधी राखून ठेवला आहे का, लेखापरीक्षण वेळेवर झाले का, संचालक मंडळाच्या बैठकांची सूचना नियमाप्रमाणे निघते का, असे प्रश्न विचारले जाऊ लागले की तिचे महत्त्व कळते. लहान जिल्ह्यांत एखाददुसरा कर्मचारी सगळा कारभार पाहत असतो. तेथे ही माहिती गोळा करणे हेच मोठे काम ठरते.

नकाशाबाहेरच्या वस्त्या

यादीतील दुर्बल वस्त्यांचा मुद्दा मूळ कायद्यात नव्हता. तो २०११ च्या एका कायद्याने समाविष्ट झाला. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात शहरांच्या सीमेला अगदी लागून, पण कोणत्याही शहरात नसलेल्या शेतमजुरांच्या वस्त्या आहेत. शहराने हद्द वाढवताना व्यापारी संकुलासाठी उपयोगी जमीन घ्यायची आणि या वस्त्या वगळून पुढे जायचे, असे वारंवार घडले. टुलारी काउंटीच्या १९७० च्या दशकातील विकास आराखड्यात तर काही वस्त्यांना भवितव्य नाही असे ठरवून तेथे सार्वजनिक गुंतवणूक टाळण्याचे धोरण होते. नव्या कायद्यानुसार, जेथे १२ किंवा अधिक नोंदणीकृत मतदार राहतात आणि कुटुंबाचे मध्यम उत्पन्न राज्याच्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी आहे, अशा वस्त्यांची नोंद आढाव्यात घ्यावी लागते. पाणी, मलनिस्सारण आणि अग्निशमन यांतील उणिवाही लिहाव्या लागतात. शहराला दहा एकरांपेक्षा अधिक जमीन हद्दीत घ्यायची असेल आणि शेजारी अशी वस्ती असेल, तर काही अपवाद वगळता त्या वस्तीच्या समावेशाचा अर्जही करणे आवश्यक झाले.

ही तरतूद किती निकडीची होती, हे तीन वर्षांतच दिसून आले. २०१४ च्या दुष्काळात टुलारी काउंटीतील ईस्ट पोर्टरव्हिल या सुमारे सात हजार लोकवस्तीच्या गावातील शेकडो खासगी विहिरी आटल्या. पोर्टरव्हिल शहर लगतच होते आणि त्याची नळयोजना चालू होती. गावात मात्र अंगणात टाक्या ठेवून टँकरने पाणी भरावे लागले. राज्य सरकारच्या मदतीने २०१६ च्या ऑगस्टमध्ये पहिले घर शहराच्या नळयोजनेला जोडले गेले आणि पुढील सुमारे दीड वर्षात साडेसातशेच्या आसपास घरांना जोडणी मिळाली. हद्दीबाहेर सेवा देण्यासाठी आयोगाची परवानगी लागते. प्रभावक्षेत्राच्या आत ती पुढील समावेशाच्या अपेक्षेने देता येते. प्रभावक्षेत्राबाहेर मात्र लोकांच्या आरोग्यास वा सुरक्षिततेस धोका असेल तर प्राधान्याने विचार होतो. कागदावर आखलेल्या रेषेचा अर्थ अशा वेळी कुटुंबांना प्रत्यक्ष जाणवतो.

निष्कर्ष आणि कृती यांतील अंतर

आढाव्याचा खरा कस संस्था अपयशी ठरते तेव्हा लागतो. याबाबतीत दोन प्रकरणे उद्बोधक आहेत.

पहिले काँट्रा कोस्टा काउंटीतील माउंट डायब्लो हेल्थ केअर डिस्ट्रिक्टचे. या जिल्ह्याने आपले रुग्णालय १९९० च्या दशकात दुसऱ्या संस्थेकडे सोपवले. त्यानंतरही जिल्हा चालू राहिला आणि मालमत्ता कराचा हिस्सा घेत राहिला. रुग्णालय नसलेला हा रुग्णालय जिल्हा आरोग्यसेवेपेक्षा प्रशासन आणि तत्सम बाबींवरच अधिक खर्च करतो, अशी टीका काउंटीच्या नागरी ज्युरीने एकापेक्षा अधिक वेळा केली होती. अखेर २०१२ मध्ये आयोगाने विशेष अभ्यासाच्या आधारे त्याचे स्वतंत्र मंडळ संपुष्टात आणून तो कॉन्कॉर्ड शहराच्या अखत्यारीत दिला.

दुसरे प्रकरण अधिक गंभीर आहे. लॉस एंजेलिस काउंटीतील सटिवा वॉटर डिस्ट्रिक्ट हा १९३८ मध्ये स्थापन झालेला छोटा जिल्हा कॉम्प्टन आणि विलोब्रुक या भागांतील सुमारे १,६०० जोडण्यांना पाणी पुरवत असे. २०१८ मध्ये तेथील नळांना तपकिरी पाणी येत असल्याच्या तक्रारींनी उग्र रूप धारण केले. जुन्या वाहिन्यांत साचलेले मँगनीज हे त्याचे कारण सांगण्यात आले. वाहिन्या बदलण्यासाठी जिल्ह्याकडे पैसा नव्हता. या जिल्ह्याच्या विसर्जनाचा विषय त्याआधी एक दशकाहून अधिक काळ आयोगापुढे अधूनमधून येत होता आणि आढाव्यांत कारभाराविषयी शंका नोंदवल्या गेल्या होत्या. तरीही जिल्हा चालूच राहिला. शेवटी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य सरकारला केवळ या एका जिल्ह्यासाठी कायदा करावा लागला. त्यानुसार काउंटीची तात्पुरती प्रशासक म्हणून नियुक्ती झाली आणि जिल्हा विसर्जित करण्यात आला.

मग आयोगाने आधीच पाऊल का उचलले नाही? याचे उत्तर कायद्यातील आक्षेपाच्या तरतुदीत आहे. १९९४ पासून आयोगाला स्वतःहून विसर्जनाचा प्रस्ताव मांडता येत होता. परंतु असा प्रस्ताव आयोगाने मांडला असेल, तर हद्दीतील केवळ दहा टक्के मतदार वा जमीनमालकांच्या लेखी आक्षेपावरून मतदान घेणे भाग पडे. अर्जदार अन्य कोणी असल्यास ही मर्यादा २५ टक्के होती. ज्या संस्थेने दोष शोधले तिलाच कृती करणे अधिक कठीण, अशी ही विसंगती होती. निवडणुकीचा आणि कायदेशीर लढाईचा खर्च आयोगावर पडत असे आणि आयोगाचे अंदाजपत्रक काउंटी, शहरे आणि जिल्हे यांच्याच वर्गणीतून तयार होते. अशा स्थितीत बहुतेक आयोग शिफारस लिहून थांबत. लिटल हूव्हर आयोगाने २०१७ मध्ये विशेष जिल्ह्यांचा विषय पुन्हा हाती घेतला, तेव्हा या मर्यादेचाही विचार झाला.

त्याच वर्षी निष्क्रिय जिल्ह्यांसाठी सोपी पद्धत ठरली. ज्या जिल्ह्याचे कोणतेही व्यवहार होत नाहीत, ज्याच्याकडे मालमत्ता वा देणी नाहीत, अशांची यादी राज्याचे नियंत्रक प्रसिद्ध करतात आणि आयोग त्यांचे विसर्जन करतो. हे केवळ नाममात्र उरलेल्या संस्थांपुरते होते. चालू असलेल्या पण सेवा न देणाऱ्या जिल्ह्यांसाठीची तरतूद २०२२ च्या कायद्याने झाली आणि ती १ जानेवारी २०२३ पासून अमलात आली. तीनुसार आढाव्यात दीर्घकालीन सेवादोष, निधीचा बेकायदा वा बेफिकीर वापर, बैठका किंवा लेखापरीक्षण न होणे यांसारखी बाब कागदोपत्री सिद्ध झाली, तर आयोग विसर्जनाचा इरादा जाहीर करू शकतो. त्यानंतर जिल्ह्याला सुधारणेसाठी किमान बारा महिन्यांचा अवधी द्यावा लागतो. सुधारणा झाली नाही, तर विसर्जनाची कार्यवाही सुरू होते आणि तेथे आक्षेपाची मर्यादा दहाऐवजी २५ टक्के लागू होते.

या बदलामुळे आढाव्यातील प्रत्येक वाक्याला पूर्वीपेक्षा अधिक वजन आले आहे. जो निष्कर्ष पूर्वी शिफारस म्हणून फाइलमध्ये राहत असे, तो आता विसर्जनाचे कारण ठरू शकतो. साहजिकच आढावे अधिक काटेकोरपणे लिहिण्याची आणि जिल्ह्यांनी त्यांना अधिक कसून उत्तर देण्याची अपेक्षा आहे. सगळेच लहान जिल्हे बंद करावेत, असा मात्र याचा अर्थ नाही. डोंगराळ भागातील एखादा अग्निसंरक्षण जिल्हा स्वयंसेवकांच्या बळावर चांगले काम करतो आणि दूरच्या मोठ्या संस्थेत विलीन झाल्यावर गाडी पोहोचण्यास विलंब होण्याची भीती तेथील रहिवाशांना वाटते. ही भीती प्रत्येक वेळी खरी असतेच असे नाही, पण आढाव्याने ती तपासलीच पाहिजे. विलीनीकरणाने खर्च वाचतो, हे गृहीतही आकडेवारीविना मान्य करण्याजोगे नाही, कारण मोठ्या संस्थेची वेतनश्रेणी बहुधा वरची असते.

आढाव्याचा मसुदा संबंधित काउंटीच्या आयोगाकडून सर्वांसाठी खुला केला जातो आणि त्यानंतर जाहीर सुनावणी होते. रहिवासी, मग तो मतदार असो वा नसो, लेखी किंवा तोंडी म्हणणे मांडू शकतो. फ्रीमॉन्ट किंवा कुपरटिनोमध्ये राहणाऱ्या, पण अद्याप अमेरिकेचे नागरिकत्व न मिळालेल्या भारतीय कुटुंबांना जिल्ह्याच्या निवडणुकीत मत देता येत नाही. पाण्याचे देयक मात्र ते भरतात आणि या सुनावणीत बोलण्याचा मार्ग त्यांनाही उपलब्ध आहे.